‘गोळ्याच लागू नाही पडत’: वारंवार होणाऱ्या लघवीच्या संसर्गाचं एक प्रकरण

तक्रार आणि पिशवी

रुग्ण बाई ५६ वर्षांच्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात घरची चार एकर शेती, कापूस आणि तूर. आठ वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. पाळी जाऊन सहा-सात वर्षं झालेली. चार दिवसांपासून लघवीला आग, घटकेघटकेला जावं लागणं, ओटीपोटात दुखणं. ताप नाही, थंडी नाही, कुशीत दुखत नाही, उलटी नाही. वर्षभरातली ही पाचवी खेप. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांचं पहिलं वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून ठेवलं, कारण पुढचं सगळं बोलणं त्यावरच झालं. “मॅडम, माह्या अंगाले आता गोळ्याच लागू नाही पडत. पहिले दोन गोळ्यांत उतरून जाये. आता अख्खं पाकीट खाल्लं तरी जळजळ होऊनच राहिली.” आणि लगेच मागणी: “पावरचं इंजेक्शन द्या, नाहीतर सलाईन लावा. उष्णता निंगून जाईन.” धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली हे सगळं घरी करून झालं होतं.

सोबत मुलगा होता आणि त्याच्या हातात मेडिकलची पिशवी. ती मी टेबलावर रिकामी करायला सांगितली. संसर्ग पुन्हा पुन्हा होणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. कोणती औषधं घेतली असं विचारल्यावर जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. नॉरफ्लॉक्सॅसिन, सेफिक्झिम, ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल, अझिथ्रोमायसिन, अशी अर्धवट कापलेली पाकिटं निघाली. पहिली दोन लघवीसाठी, तिसरं जुलाबाचं, चौथं घशाचं. शिवाय मधे गावातच दोन दिवस इंजेक्शनं घेतली होती, त्याची चुरगळलेली चिठ्ठी निघाली: सेफ्ट्रायाक्झोन. बाईंच्या हिशेबी वर्षात लघवीसाठी तीनदा औषध झालं होतं. घशाच्या आणि जुलाबाच्या गोळ्या त्यांनी मोजल्याच नव्हत्या, कारण तो आजार वेगळा. मी मोजलं तर अँटिबायोटिकची सात आवर्तनं झाली होती आणि त्यातली बरीचशी दोन-तीन दिवसांत थांबवलेली.

गोळ्या यायच्या कशा, तर मुलगा जुन्या पाकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर मेडिकलला पाठवी आणि गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पुडी येई. यातलं सेफिक्झिम शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. मार्च २०१४ पासून अशी औषधं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराने रुग्णाचं, डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. पण बाईंच्या बाजूनेही पाहायला हवं. तालुक्याला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, वेचणीच्या दिवसांत तर घरातलं कुणीच हलू शकत नाही, आणि आग होत असताना दुपारच्या एसटीची वाट कोण पाहणार? ज्याला डॉक्टर दूर आणि मेडिकल जवळ आहे, तो मेडिकललाच जाणार. कायदा सांगून मी त्यांना घरी पाठवलं असतं तर पुढच्या खेपेला त्या फक्त पिशवी घरी ठेवून आल्या असत्या.

तपासणी

नाडी, ताप, रक्तदाब ठीक. कुशीत दाबल्यावर दुखत नव्हतं, म्हणजे संसर्ग मूत्राशयापुरता असावा, मूत्रपिंडापर्यंत गेलेला नसावा. हा फरक पुढच्या औषधासाठी महत्त्वाचा ठरला. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८.९, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) ०.९, म्हणजे ठीक. लघवीत पू-पेशी भरपूर. मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत घेऊन कल्चरला पाठवली, म्हणजे जंतू वाढवून ते कोणत्या औषधाने मरतात हे पाहणाऱ्या तपासणीला. सकाळीच त्यांनी सेफिक्झिमची एक गोळी घेतली होती. त्यामुळे कल्चर फसायची शक्यता होती, पण जंतू त्या औषधाला दाद देत नसतील तर तरीही वाढतील, हाही अंदाज होता.

कल्चरला पैसे पडतात आणि दोन-तीन दिवस लागतात. पहिल्यांदाच मूत्राशयाचा साधा संसर्ग झालेल्या तरुण बाईला मी दर वेळी ती तपासणी सांगत नाही. पाचव्या खेपेला, मधुमेह असताना आणि अशी पिशवी समोर असताना ती टाळणं म्हणजे पुन्हा अंधारात दगड मारणं.

पहिल्या दिवशी काय सांगितलं आणि काय नाही

पहिल्या दिवशी मी रेझिस्टन्सबद्दल, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होण्याबद्दल, एक अक्षर बोलले नाही. बाई खुर्चीवर नीट बसू शकत नव्हत्या. अशा वेळी दिलेलं ज्ञान रागावणं म्हणूनच ऐकू येतं. शिवाय हातात पुरावा नव्हता.

औषध दिलं नायट्रोफुरँटॉइन, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणासोबत, पाच दिवस. जोडीला पॅरासिटामॉल. सांगितल्या त्या तीनच गोष्टी. एक, या गोळीने लघवी गडद पिवळी, कधी तपकिरी होईल; घाबरून गोळी थांबवायची नाही. (हे न सांगितल्यामुळे दुसऱ्याच दिवशी बंद झालेले कोर्स मी पाहिले आहेत.) दोन, थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर रात्र असली तरी निघायचं. तीन, इंजेक्शन का नाही याचं उत्तर मी तोंडी देणार नाही, तपासणीचा कागद आला की तुम्हालाच दाखवेन.

तिसऱ्या मुद्द्यावर त्या फारशा समाधानी नव्हत्या. “बरं, पाहू,” म्हणाल्या. मुलगा मात्र म्हणाला, “मॅडम, ही तर एकदम स्वस्त गोळी आहे.” त्याला ते शंकेचं कारण वाटत होतं.

रिपोर्ट

तिसऱ्या दिवशी दोघं परत आले. आग जवळजवळ गेलेली, रात्री एकदाच उठावं लागलेलं. रिपोर्टमध्ये ई. कोलाय, एका मिलिलिटरला एक लाखाहून जास्त. मूत्राशयाच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तोच आतड्यातला जंतू. ॲम्पिसिलिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, को-ट्रायमॉक्साझोल, सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन यांच्यापुढे आर, म्हणजे रेझिस्टंट. नायट्रोफुरँटॉइन, फॉस्फोमायसिन, ॲमिकॅसिन, मेरोपेनेम यांच्यापुढे एस, म्हणजे या औषधाने मरणारा. खाली शेरा: ईएसबीएल. या जंतूकडे सेफिक्झिम-सेफ्ट्रायाक्झोनच्या कुळातली औषधं तोडणारं एन्झाइम आहे, असा त्याचा अर्थ.

लॅबचे रिपोर्ट इंग्रजीत असतात आणि रुग्ण ते घडी घालून खिशात ठेवतो. मी दोन रंगांची पेनं घेतली. आर असलेल्या नावांवर लाल फुली, एस असलेल्यांवर हिरवी खूण. मग पिशवीतली पाकिटं एकेक करून त्या नावांशेजारी ठेवली. नॉरफ्लॉक्सॅसिन लाल. सेफिक्झिम लाल. इंजेक्शनची चिठ्ठी, तीही लाल. लघवीसाठी ज्या औषधांवर वर्षभर पैसे गेले ती सगळी फुलीखाली होती आणि कालपरवाची स्वस्त गोळी हिरव्या खुणेत. बाईंना वाचता येत नाही, पण फुली कळते. बराच वेळ कागद पाहून त्या म्हणाल्या, “म्हणजे माह्या अंगाले सवय होऊन गेली ना या गोळ्यायची.”

अंग की जंतू

या वाक्यापाशी थांबणं मला सगळ्यांत गरजेचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली भारतासह बारा देशांत लोकांना अँटिबायोटिक रेझिस्टन्सबद्दल विचारलं होतं. त्यात ७६ टक्के लोकांची समजूत हीच निघाली की रेझिस्टन्स म्हणजे आपलं शरीर औषधाला दाद देईनासं होणं. म्हणजे आपण ‘जास्त अँटिबायोटिक घेऊ नका, रेझिस्टन्स येतो’ असं म्हणतो, तेव्हा चारातल्या तिघांना ऐकू येतं: तुमचं अंग निबर होईल.

या समजुतीतून पुढचं सगळं चुकीचं वागणं अगदी तर्कशुद्धपणे निघतं. अंगाला एका गोळीची सवय झाली असेल तर गोळी बदलावी, नाहीतर जास्त जोराची घ्यावी. शेजारणीच्या अंगाला सवय नाही, तर आपली उरलेली तिला द्यायला हरकत काय? आणि मी आजवर औषध घेतलंच नाही, म्हणजे माझ्या अंगात रेझिस्टन्स येणार कुठून? यातला प्रत्येक निष्कर्ष धोक्याचा आहे, पण मूळ कल्पना तशीच ठेवून त्यांच्याशी भांडता येत नाही. म्हणून मी आधी कुठलाच सल्ला देत नाही. आधी ही एक गोष्ट जागेवर यायला हवी: बदलला तो जंतू. अंग आहे तसंच आहे.

बाईंच्या बाबतीत ते समजावण्यासाठी मला फार दूर जावं लागलं नाही. मी विचारलं, “काकू, बीटी कपाशी आली तेव्हा तुमच्या वावरात काय झालं होतं?”

त्या एकदम सरसावून बसल्या. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं द्रव्य स्वतःच तयार करणारी कपाशी; ती आली तेव्हा बोंडाला फवाराच लागत नसे. “पऱ्हाटी पाहून जीव हरखे.” (पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड.) मग काही वर्षांनी बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. फवारे वाढले, औषधं बदलली, कृषी केंद्रवाल्याने दोन-दोन औषधं एकत्र करून दिली, तरी अळी आत बसलेलीच. २०१७ च्या हंगामात तर उभं पीक उपटून टाकावं लागलं. त्याच हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हेही त्यांनीच सांगितलं.

“मग त्या वेळी बदललं काय? पऱ्हाटी का अळी?”

“पऱ्हाटी तर तीच व्हती. अळी बदलली.” आणि लगेच, मी काही म्हणायच्या आत, त्यांनी समोरच्या लाल फुल्यांकडे पाहिलं. “म्हणजे हे जंतू तसे झाले?”

“हो. तुमचं अंग म्हणजे पऱ्हाटी. त्यात काही बिघाड नाही.”

“म्हणजे माही किडनी नाही गेली?”

ही भीती त्यांनी तोपर्यंत बोलून दाखवली नव्हती. गोळ्या लागू पडत नाहीत म्हणजे आतून काहीतरी संपलंय, असं त्या महिनोन् महिने धरून बसल्या होत्या. ‘पावरचं इंजेक्शन’ मागण्यामागे हट्ट नव्हता, भीती होती. क्रिएटिनिनचा आकडा दाखवून किडनी ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचं लक्ष पुढच्या बोलण्याकडे लागलं. हे मी इथे मुद्दाम नोंदवते आहे, कारण रेझिस्टन्सवरच्या सल्ल्यात रुग्णाला कशाची भीती वाटते हे विचारायची जागा सहसा नसते.

बोंडअळीचं उदाहरण दोन पावलं आणखी पुढे नेता आलं. पहिलं पाऊल: अळी औषध खाऊन खाऊन तगडी झाली नाही. लाखो अळ्यांत काही थोड्या आधीपासूनच अशा होत्या की त्या बीटीने मरत नव्हत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि पुढची सगळी पिलावळ यांची. जंतूंचंही तेच, फक्त वेग भलताच जास्त. अळीच्या पिढीला महिना लागतो, ई. कोलाय चांगली परिस्थिती मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात.

दुसरं पाऊल त्या बियाण्याच्या छोट्या पुडीचं. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं यायचं. ते कडेने लावायचं, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगतील, तगड्या अळ्यांशी त्यांचा संकर होईल आणि पुढची पिढी बीटीने मरणारीच राहील, असा हिशेब होता. बाईंच्या गावात ती पुडी कुणी लावली नाही, जागा वाया जाते म्हणून. मी म्हटलं, आपल्या आतड्यात असे साधे, निरुपद्रवी जंतू कोट्यवधी असतात आणि त्यांनी जागा अडवून धरल्यामुळे तगड्या जंतूंना पसरायला वाव राहत नाही. घशासाठी घेतलेली अझिथ्रोमायसिन घशातच जात नाही, ती आतड्यातल्या या साध्या जंतूंनाही मारते. जुलाबाची गोळीही तेच करते. मग मोकळ्या जागेत लाल फुलीवाले वाढतात, आणि लघवीच्या वाटेला येणारे जंतू आतड्यातूनच येतात. घशाची गोळी लघवीच्या आजाराशी जोडलेली आहे, हे बाईंना या बोलण्यातून प्रथमच कळलं. मुलगा म्हणाला, “मग मागच्या महिन्यात तिले सर्दी झाली तवा मीच आणून दिली व्हती पाच गोळ्या.” सर्दी विषाणूने होते आणि त्यावर या गोळ्यांचा काडीचाही उपयोग नसतो, हे त्याला तिथेच सांगितलं. २०१० साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, अँटिबायोटिक घेतल्यावर त्या व्यक्तीच्या अंगात रेझिस्टंट जंतू सापडण्याची शक्यता पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असते आणि वर्षभरापर्यंत राहू शकते. मुलाला आकडा सांगितला नाही. “वर्षभर परिणाम राहतो,” एवढं म्हटलं.

उदाहरण जिथे तुटतं तेही सांगणं भाग होतं. अळी आपला गुण फक्त पिलांना देते. जंतू मात्र रेझिस्टन्सचा जनुक शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकू शकतात. आणि हे जंतू एका माणसात थांबत नाहीत. हातावाटे, पाण्यावाटे घरातल्या दुसऱ्याकडे जातात. म्हणून ज्याने कधी गोळी घेतली नाही त्यालाही लाल फुलीवाला संसर्ग होऊ शकतो. बाईंनी लगेच नातीचं नाव घेतलं. बाईंना घाबरवायचं नव्हतं, म्हणून संडासनंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुण्यापलीकडे मी काही वाढवलं नाही.

हे सगळं बोलणं दहा मिनिटांच्या आत झालं. बाहेर रांग होती. रांग असताना हे जमत नाही, असं माझे सहकारी म्हणतात, आणि रोजच्या गर्दीत ते खरंही आहे. पण समजावायचा भाग निम्म्याहून जास्त बाईंनीच केला होता. मी सोलापूरच्या विणकराशी किंवा मुंबईतल्या टॅक्सीवाल्याशी बोलत असते तर बोंडअळी कामाची नव्हती. त्यांच्या ओळखीचं दुसरं काही शोधावं लागलं असतं. एकच छापील उदाहरण घेऊन सगळ्यांपुढे वाचून दाखवण्यात मला अर्थ वाटत नाही.

जे सांगितलं नाही तेही लिहिते. २०१९ मध्ये जगभरात जंतूंच्या रेझिस्टन्समुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता, असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज आहे. धोरण ठरवणाऱ्यांसाठी हे आकडे फार मोलाचे आहेत. आग होत असलेल्या एका बाईच्या हातात त्यातलं करण्यासारखं काही नाही.

‘स्ट्राँग’

मुलाचा प्रश्न बाकी होता. कागदावर मेरोपेनेमपुढेही हिरवी खूण होती. त्याने मोबाइलवर नाव शोधलं होतं. “हे सगळ्यात स्ट्राँग आहे ना? मग हेच का नाही?”

लोकांच्या मनात औषधांचा एक जिना असतो: खाली गोळी, वर महाग गोळी, त्यावर इंजेक्शन, सगळ्यांत वर सलाईन. जो वर चढतो तो लवकर बरा होतो. रिपोर्ट या कल्पनेला उलटा पुरावा देत होता, म्हणून मी तोच वापरला. सेफ्ट्रायाक्झोन इंजेक्शन होतं, महाग होतं, आणि त्यावर फुली आहे. नायट्रोफुरँटॉइन १९५० च्या दशकातली गोळी, स्वस्त, आणि आईला तिसऱ्या दिवशी बरं वाटतंय. कुठलं औषध मोठं, हा प्रश्नच नाही. कुठलं औषध या जंतूला मारतं आणि आजाराच्या जागी पोचतं, एवढंच पाहायचं. नायट्रोफुरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, पण मूत्रपिंडाच्या आत पुरेसं पोचत नाही. म्हणून थंडी-ताप आला असता तर मी हीच गोळी दिली नसती आणि कदाचित इंजेक्शनच द्यावं लागलं असतं. मेरोपेनेम त्या दिवसासाठी आहे, कुणाचं रक्त जंतूंनी भरलं आणि दुसरं काही चालत नसलं तर. “फवारा कधी मारायचा नाही, असं मी म्हणत नाही,” मी म्हटलं. “बोंडात अळी दिसल्यावर आणि तिला मारणाराच मारायचा.”

मग पिशवीचं काय? उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेसाठी ठेवाव्यात का, असं बाईंनी विचारलं. इथे मी ‘कोर्स पूर्ण करा’ हा आपला नेहमीचा मंत्र जपून वापरते. २०१७ साली बीएमजेमध्ये काही तज्ज्ञांनी मांडलं की बऱ्याच साध्या संसर्गांत जास्त दिवस औषध घेतल्याने रेझिस्टन्स टळतो याला पुरावा नाही. उलट जितके जास्त दिवस, तितके आतड्यातले साधे जंतू मरून रेझिस्टंट जंतूंना वाव जास्त. क्षयरोग वेगळा, तिथे महिनोन् महिने एकही दिवस न चुकवता घ्यायलाच हवं. म्हणून माझं सांगणं साधं असतं: जितक्या दिवसांच्या लिहून दिल्या तितक्याच घ्या, बरं वाटलं म्हणून स्वतःहून थांबू नका, राहवेना तर फोन करा, आणि उरलेली गोळी ना स्वतःसाठी ठेवा ना शेजारणीला द्या.

पाकिटावरच्या लाल उभ्या रेघेबद्दल एक सूचना. २०१६ पासून सरकारने ‘लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ अशी मोहीम चालवली आणि ती चांगली आहे. पण लाल रेघ फक्त अँटिबायोटिकवर नसते, चिठ्ठीवर मिळणाऱ्या इतर औषधांवरही असते. मी बाईंना रेघ दाखवून ‘ही टाळा’ म्हटलं असतं तर त्यांनी साखरेची गोळी बंद केली असती. त्यामुळे पिशवीतली अँटिबायोटिकची पाकिटं मी बाजूला काढली आणि साखरेच्या गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिले, सकाळ आणि रात्र.

घरी न्यायचा बेत

रेझिस्टन्स समजला, पण आजार पुन्हा झाला आणि डॉक्टर दूरच राहिला तर त्या समजण्याचा उपयोग किती? म्हणून या भागावर जास्त वेळ द्यावा लागतो.

एक निर्जंतुक डबी आणि नायट्रोफुरँटॉइनची पाच दिवसांची चिठ्ठी त्यांच्या घरी ठेवायला दिली. आग सुरू झाली की आधी मला फोन, मग डबीत मधल्या धारेची लघवी, मगच पहिली गोळी. मुलाने डबी मोटारसायकलवरून दोन तासांच्या आत लॅबला पोचवायची. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि लक्षणं ओळखणाऱ्या रुग्णासाठी ही पद्धत मान्य आहे. इथे ती मेडिकलच्या फोटोची जागा घेणार होती. थंडी-ताप, कुशीतलं दुखणं, उलटी यांपैकी काहीही असलं तर हा बेत रद्द आणि थेट दवाखाना, हे मुलाकडून तोंडी म्हणवून घेतलं.

संसर्ग कमी व्हावेत यासाठी तीन गोष्टी. साखर: ग्लिमेपिराइडचा डोस वाढवला, जेवणाच्या वेळा ठरवल्या. पाणी: बाई वावरात असताना दिवसभर पाणी पीत नसत, कारण आडोसा नाही आणि लघवीला जायची सोय नाही. २०१८ च्या एका चाचणीत, पाळी चालू असलेल्या आणि कमी पाणी पिणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर संसर्ग बरेच कमी झाले होते. बाईंचं वय वेगळं, पण कारण तेच दिसत होतं. यावर उपाय मी नाही, त्यांच्या मुलाने शोधला: धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तुराट्यांचा कूड करून आडोसा केला. तिसरी गोष्ट इस्ट्रोजेनचं मलम. पाळी गेल्यावर योनीमार्गाची त्वचा पातळ होते, तिथले उपयुक्त जंतू कमी होतात आणि संसर्गाला वाट मिळते. हे मलम आतून लावल्याने वारंवार होणारे संसर्ग कमी होतात, याला चांगला पुरावा आहे. हे बोलताना मुलाला बाहेर थांबायला सांगितलं. आपल्याकडे हे मलम फार कमी लिहून दिलं जातं आणि त्याच्या बदल्यात अँटिबायोटिकची पाकिटं संपत राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढचे सहा महिने

चौथ्या महिन्यात, वेचणीच्या ऐन दिवसांत, एकदा त्रास झाला. आधी फोन आला, मग डबी, मग गोळी. कल्चरमध्ये पुन्हा ई. कोलाय, नायट्रोफुरँटॉइनने मरणारा, पण सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि सेफ्ट्रायाक्झोनवर अजूनही लाल फुली. मुलगा निराश झाला: एवढे महिने काही घेतलं नाही तरी जंतू तेच? रेझिस्टंट जंतू आतड्यातून निघायला वेळ लागतो, कधी कधी ते वर्षभर आणि त्याहूनही जास्त राहतात, कधी पुरते जातही नाहीत. औषध थांबवलं की सगळं पूर्ववत होतं, असं वचन मी दिलेलं नव्हतं आणि कुणी देऊही नये. एचबीए१सी ७.६ वर आलं होतं. सर्दीसाठी घरात गोळी आली नव्हती.

सहाव्या महिन्यात बाईंना मोतीबिंदूच्या शिबिरात तपासलं. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत लघवीचं कल्चरही झालं आणि त्यात ई. कोलाय आला, एक लाखाहून जास्त. शिबिरातून चिठ्ठी मिळाली: पाच दिवस इंजेक्शन, मग ऑपरेशनची तारीख. बाईंना आग नव्हती, वारंवार जावं लागत नव्हतं, ताप नव्हता. मुलाने इंजेक्शन घेण्याआधी चिठ्ठीचा फोटो मला पाठवला.

मधुमेही आणि वयस्क बायकांच्या लघवीत लक्षणांशिवाय जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. अशा वेळी उपचार केल्याने फायदा होत नाही, रेझिस्टन्स मात्र वाढतो. अमेरिकेच्या संसर्गरोग सोसायटीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाच्या आत जखम होईल असं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी. मोतीबिंदू त्यात बसत नाही. मी शिबिराच्या डॉक्टरांना फोन केला आणि एक पानी पत्र दिलं. त्यात लक्षणं नसल्याची नोंद, आधीच्या दोन्ही कल्चरच्या तारखा आणि निकाल, साखरेचे आकडे, आणि लघवीच्या या रिपोर्टवर उपचार नको असं माझं मत होतं. त्यांनी ते मान्य केलं. पुढच्या आठवड्यात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि लघवीसाठी एकही इंजेक्शन द्यावं लागलं नाही.